घाटमाथ्यावरील मासळीचे ताट
बेळगावच्या सारस्वत स्वयंपाकघराचा एक मागोवा

श्रींच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासविषयक लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र हाती आले, तेव्हा प्रथम मनात आले ते नेहमीचेच विषय. कुलदेवतांचे स्थलांतर, महाजनांची मूळ गावे, गोत्रे आणि वांगडी, १९३३ सालचा देवस्थानांसंबंधीचा पोर्तुगीज कायदा. परंतु या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी यापूर्वी विपुल लिहिले आहे व त्यात भर घालण्याइतका माझा अभ्यास नाही. मग वाटले, आपल्या घराच्या माजघरापलीकडे जो इतिहास रोज दोन वेळा शिजत आला, त्याची दखल कोणी घेतली आहे काय? महाजनांच्या वह्यांत पुरुषांची नावे आहेत, वर्गण्या आहेत, पालखीचे मानपान आहेत; स्वयंपाकघर नाही.

देवस्थानच्या स्मरणिकेत मासळीचा विषय म्हटल्यावर काही वाचकांच्या कपाळी आठी पडेल, याची मला कल्पना आहे. ज्या अग्रशाळेत उतरल्यावर आपण मासळीचे नावही काढीत नाही, त्या देवळाच्या ग्रंथात तिचे वर्णन औचित्याला धरून आहे काय, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांस नम्र उत्तर एवढेच की, सोवळे जितके आपले, तितकेच ओवळेही आपलेच. सोमवार, एकादशी, संकष्टी, श्रावण हे वर्ज्य दिवस आपण पाळतो, ते इतर दिवशी काहीतरी वर्ज्य नसते म्हणूनच. आपल्या देवळांतील पूजाअर्चा करणारी भट मंडळी बहुधा शाकाहारी आणि देवळाचे महाजन मत्स्याहारी, अशी विभागणी गोमंतकात पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आली आहे. एकाच वाड्यावर दोन्ही चुली पेटतात आणि त्याचा वाद कधी होत नाही.

वाद सुरू होतो तो घाट चढल्यावर.

ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते. किनाऱ्यावर मासे का खाता, असे कोणी कोणास विचारीत नाही. भात का खाता, असे विचारण्यासारखेच ते होईल. बेळगाव मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरचे गाव. येथील किल्ल्यातील कमल बसदी १२०४ साली, रट्ट राजांच्या काळी बांधली गेली. जैन आणि लिंगायत समाजांची शाकाहाराची परंपरा या भूमीत खोल रुजलेली. त्यात देशस्थ ब्राह्मणांची वस्ती. अशा परिसरात कोकणातून आलेले एक ब्राह्मण कुटुंब परसदारी बसून मासळी साफ करू लागले, म्हणजे शेजारी काय म्हणत असतील, ते सांगावयास नको. सारस्वतांना 'त्रिकर्मी' म्हणजे अध्ययन, यजन व दान एवढ्यांचेच अधिकारी ठरवून षट्कर्मांतील उरलेली तीन कर्मे नाकारण्याचा जो दीर्घकाळचा वाद झाला, त्यात मत्स्याहार हे एक प्रमुख कारण सांगितले जाई. १६६४ साली राजापूर येथे गागाभट्टांनी या ज्ञातीच्या धर्माधिकाराविषयी जो निर्णय दिला, तो प्रसिद्धच आहे. तरीही ग्रामण्ये थांबली नाहीत, ती पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली.

या वादात आपल्या पूर्वजांनी महाभारताचा आधार घेतला. शल्यपर्वात कथा आहे. दधीच ऋषी आणि सरस्वती नदी यांचा पुत्र सारस्वत. बारा वर्षांची अनावृष्टी झाली, ऋषिमुनी अन्नासाठी दाही दिशा हिंडू लागले. सारस्वतही निघाला, तेव्हा नदी म्हणाली, बाळा, जाऊ नकोस, मी तुला नित्य मासे देईन. तो राहिला, मासे खाऊन जगला आणि वेद टिकवून धरले. दुष्काळ सरल्यावर साठ हजार मुनींनी त्या बालमुनीचे शिष्यत्व पत्करून विसरलेले वेद पुन्हा शिकून घेतले. मनुस्मृतीचा दाखलाही दोन्ही बाजूंनी दिला जाई. पाचव्या अध्यायात एका श्लोकात मत्स्यभक्षक हा सर्वमांसभक्षक होय, म्हणून मासे वर्जावेत असे सांगितले आहे. आणि लगतच्याच श्लोकात पाठीन व रोहित हे मासे हव्यकव्यास योग्य मानून खवल्यांच्या माशांनाही मोकळीक दिली आहे. ज्याला जो श्लोक सोयीचा, तो त्याने पाठ करावा! बंगालमध्ये भवदेव भट्टासारख्या धर्मशास्त्रज्ञाने मत्स्याहाराचे उघड समर्थन केले आणि मैथिल व बंगाली ब्राह्मण आजही मासे खातात, हे सर्वश्रुत आहे.

सारस्वत मुनींची कथा सुंदर आहे, यात शंका नाही. तथापि माझे प्रामाणिक मत असे की, आपण मासे खातो ते या कथेमुळे नव्हे. खाडीकाठच्या खाजण जमिनीत भात पिकतो, माडाला नारळ लागतो, पाण्यात मासा असतो. माणूस जेथे राहतो, तेथील अन्न खातो. कथा नंतर शोधली गेली, आणि ती शोधण्याची गरज पडली ती परक्या मुलखात.

किनारा आणि घाटमाथा यांचे नाते मात्र ग्रामण्यांहून कितीतरी जुने आहे. गोव्याच्या कदंबांची राजधानी गोव्यात, आणि घाटावरील केंद्र आजच्या खानापूर तालुक्यातील हलशी, म्हणजे प्राचीन पलाशिका, येथे होते. तेथील नरसिंहाचे देवालय बाराव्या शतकातील कदंब राजवटीची साक्ष देत आजही उभे आहे. एकाच राजाचे राज्य घाटाखाली आणि घाटावर असल्यावर माणसे, धान्य, मीठ आणि देव यांची ये-जा होणारच. त्याच शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून माशांच्या जाती आणि गळाला लावावयाची आमिषे यांचा विचार केला आहे, आणि राजाच्या अन्नभोगात मत्स्यपाकही आहे. म्हणजे घाटावरच्या राजाच्या मुदपाकखान्यातही मासा शिजत होता! हे आपल्या शेजाऱ्यांना सांगण्यासारखे असले, तरी सांगून उपयोग होतोच, असे नाही.

पुढे १५१० साली गोवा बेट पोर्तुगीजांकडे गेले, १५४३ मध्ये बारदेश व साष्टी त्यांच्या ताब्यात आली, आणि १५६० पासूनच्या दशकात साष्टी महालातील देवालये हलवावी लागली. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. देवांबरोबर भक्तही निघाले. कोणी नदी ओलांडून अंत्रुज महालात थांबले, कोणी दक्षिणेस कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेले, आणि काही घराणी घाट चढून वर आली. त्यांतील पुष्कळांनी हिशेबाची लेखणी हाती धरली, काहींनी पेढ्या घातल्या. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या गॅझेटियरच्या बेळगाव खंडात शेणवी ज्ञातीची नोंद आहे. घरात कोंकणी, दारात मराठी आणि कचेरीत कानडी, असा या घराण्यांचा त्रिभाषी संसार. तो आजही पुष्कळ घरांतून चालू आहे.

गोव्यातील त्या काळच्या जेवणाचे एक वर्णन परकीयाने लिहून ठेवले आहे. यान हुइगेन फान लिन्स्खोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिला, आणि त्याचा प्रवासवृत्तान्त १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सांगतो की, येथील लोक मासे रश्शात शिजवून तो रस्सा भातावर घालून खातात, तो चवीला आंबटसर पण उत्तम लागतो, आणि त्यास 'कारील' म्हणतात. आपले हुमण आणि आंबट कढी यांची ही चारशे वर्षांपूर्वीची पोचपावतीच समजावी. या कारीलमध्ये लाल मिरची होती की मिरी, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली आणि सोळाव्या शतकातच आपल्या किनाऱ्यावर रुजू लागली. तत्पूर्वी तिखटाचे काम मिऱ्यांचे. आज जे आपण 'पारंपरिक' म्हणून अभिमानाने वाढतो, त्यातील लाल रंग धर्मच्छळ करणाऱ्या गलबतांतूनच आला आहे. इतिहास असा दोन्ही हातांनी वाढतो.

आता बेळगावच्या ताटाकडे येऊ. घाट चढून आलेल्या पहिल्या पिढ्यांना ताजी समुद्राची मासळी मिळत नव्हती, हे उघड आहे. वेंगुर्ल्याहून बेळगाव सुमारे सव्वाशे किलोमीटर. बैलांच्या पाठीवरचे तांडे रामघाटाने येत, पुढे आंबोली घाटाचा गाडीरस्ता झाल्यावर गाड्या येऊ लागल्या. तरी वाटेत काही मुक्काम पडतच. वेंगुर्ले हे बेळगावच्या छावणीचे बंदर होते, तेथे उतरलेला माल याच वाटेने वर चढे. खालून मीठ, नारळ, सुपारी, आमसुले आणि सुकी मासळी यायची, वरून धान्य आणि कापूस उतरायचा. निपाणीकडील मंडळींची वाट निराळी, फोंडा घाटाने राधानगरीवरून. देवगड–निपाणी रस्ता म्हणून ती आजही ओळखली जाते. तिकडे तंबाखूची पेठ, त्यामुळे माणसांचा राबता मोठा. परंतु त्या वाटेनेही पूर्वी आला तो सुका बांगडा, सुके सुंगट आणि सोडेच. म्हणून घाटावरच्या सारस्वतांची जुनी पाककला ही मुख्यतः सुक्या मासळीची पाककला आहे. किसमूर, सुंगटाची कढी, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले डबे. ताज्यासाठी मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, निपाणीस वेदगंगा-दूधगंगा; तेथील मरळ आणि वांब. नदीच्या माशाला आमच्या घरी कधी मनापासून मान मिळाला नाही. 'चिखलाचा वास येतो' असे म्हणत म्हणत तो खाल्ला जाई.

ताज्या मासळीचे युग रेल्वेने आणले. १८८८च्या सुमारास मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग खुला झाला आणि लोंढ्यावरून बेळगाव त्यास जोडले गेले. कुळें आणि कॅसलरॉक या दोन ठाण्यांवर दोन सरकारांचे जकातदार बसत. करंडीतली मासळी जकातीच्या तपासणीत वितळणाऱ्या बर्फाखाली वाट पाहत पडे. पुढे मोटारी आल्या, आंबोलीवरून आणि नंतर चोर्ल्यावरून. काही तासांत किनारा दारात आला. कॅम्पातील मासळी बाजार हा या साऱ्या वाटांचा शेवट. छावणीमुळे तेथे पूर्वीपासून गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबे होती. सेंट पॉल्स शाळा १८५६ची. पिशवी धुतरात लपवून बाजाराला जाणारे आमच्या गल्लीतील वडीलधारे तेथे या शेजाऱ्यांशी कोंकणीत दोन शब्द बोलत आणि मोकळे होत. गल्लीत शिरताना पिशवी पुन्हा धुतराआड.

या बर्फाच्या प्रवासाने एक बदल घडवला, ज्याचा उलगडा मला फार उशिरा झाला. किनाऱ्यावरच्या घरी रोजचा मासा म्हणजे तारले, पेडवे, बांगडे. घाटावरच्या आमच्या घरी मात्र मासळी म्हटली की सरंगा, म्हणजेच पापलेट, चोणक, शेवटे, लेपे, सौंदाळे, क्वचित मुडदुशी. म्हणजे पांढऱ्या मांसाची मासळी. लहानपणी वाटे, ही आमच्या घराण्याची खानदानी निवड असावी. वस्तुतः निवड आमची नव्हती, बर्फाची होती. तारले आणि बांगडा यांच्या अंगभर तेल असते. हे तेल हवेने लवकर खवट होते आणि तो मासा उन्हाच्या प्रवासात आधी बिघडतो. पांढऱ्या मांसाच्या बहुतेक माशांची चरबी काळजात साठलेली, अंगाचे मांस कोरडे. आतडे-काळीज काढून बर्फात ठेवला तर तो दुसऱ्या दिवशीही टिकतो. म्हणून घाट चढायला तेच लायक. गरिबाघरचा मासा खालीच राहिला आणि महागाचा वर आला. मग मासळी हे रोजचे अन्न न राहता रविवारचे, पाहुण्यांचे, जावयाचे अन्न झाले. एखाद्या ज्ञातीचा आहार तिच्या तत्त्वांपेक्षा तिच्या वाहनांवर किती अवलंबून असतो, हे यावरून दिसते.

पांढऱ्या मासळीचा स्वयंपाक हा संयमाचा स्वयंपाक आहे. बांगड्याला तिरफळाचा झणका चालतो, तारल्याला चिंचेचा जोर सोसतो. सरंगा आणि मुडदुशी यांवर असा मारा केला तर उरते फक्त मसाल्याची चव. आमच्या घरची रीत अशी. मासा प्रथम नजरेने पाहावा. डोळा फुगीर व स्वच्छ, कल्ला लाल, बोटाने दाबले असता मांस पुन्हा वर येणारे. बुळबुळीत मासा राखेने चोळून मग विळीवर कापावा, तुकडे मिठाच्या पाण्यात धुवावेत, परंतु कापल्यावर फार वेळ पाण्यात ठेवू नयेत. चव पाण्यात जाते. मीठ-हळद लावून बाजूस ठेवावे. ओला नारळ, भिजवलेल्या लाल मिरच्या, थोडे धणे, हळद आणि चार तांदळाचे दाणे पाट्यावर गंधासारखे वाटावेत; तांदळाने रस मिळून येतो, फुटत नाही. वाटण मातीच्या कुंडल्यात पातळ करून चुलीवर ठेवावे, उकळी आली की आमसुले घालावीत आणि सर्वांत शेवटी मासा. त्यानंतर डाव घालायचा नाही. कुंडले दोन्ही हातांनी काठाला धरून हलके फिरवायचे, म्हणजे तुकडा मोडत नाही. दोनतीन उकळ्या पुरेत. वरून खोबरेल तेलाचा थेंब आणि झाकण. हे हुमण लगेच वाढू नये. अर्धा तास मुरू द्यावे. तळायचा तुकडा असेल तर मीठ, हळद, तिखट आणि आमसुलाचे पाणी, त्यावर तांदळाचा रवा, आणि पसरट तव्यावर बेताचे तेल. आजाऱ्याच्या पथ्याला मुडदुशीचे पातळ कालवण, बाळंतिणीला मोरी, हे ठरलेले.

घाटावर येताना या रीतीने काही सोडले, काही घेतले. नारळ महाग, म्हणून त्याच्या जोडीला सुके खोबरे भाजून वाटणात शिरले. खोबरेल तेलाची जागा शेंगतेलाने घेतली. याचे मला आजही वाईट वाटते. आमसुले संपली की चिंच. मिरची मात्र घाटावरची उजवी ठरली. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी हुक्केरी तालुक्यातील संकेश्वरची. खालच्या नातेवाइकांकडे जाताना आम्ही मिरच्यांची पिशवी नेत असू आणि येताना आमसुलांची आणीत असू. भांडे देखील बदलले. गोव्याच्या कुंडल्याऐवजी खानापूरच्या कुंभारांचे मडके आले. तेथील माती आणि कारागिरी दोन्ही नावाजलेली, आणि त्या मडक्यात हुमण अधिक काळ गरम राहते, असे आमच्या घरच्या बायकांचे मत होते. भाकरीबरोबर मासळी खाण्याची रूढीही घाटावरचीच. खालचे पाहुणे हसत, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी मागून घेत.

हे सारे जाणणारे हात कोणाचे होते, हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. आमच्या घरी मासळीचा स्वयंपाक आक्का करीत. त्या माझ्या वडिलांच्या आत्या. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि वर्ष पुरे होण्याच्या आत वैधव्य आले. माहेर वेंगुर्ल्याचे, पुढे भावाच्या संसाराबरोबर घाट चढून बेळगावास आल्या त्या येथेच राहिल्या. लाल आलवण नेसून त्या पहाटे सोवळ्यात देवाचा स्वयंपाक करीत, आणि दुपारी तो आटोपल्यावर परसातील निराळ्या चुलीपाशी बसून घरच्या सतरा माणसांची मासळी रांधीत. स्वतः कधी जिभेवर ठेवीत नसत. विधवेस मासा वर्ज्य. ज्या ज्ञातीने मत्स्याहारासाठी महाभारताचा आधार शोधला आणि ग्रामण्ये लढवली, तिने आपल्याच घरातील या स्त्रियांसाठी कोणताही श्लोक शोधला नाही. मीठ बरोबर आहे की नाही, हे आक्का वाफेच्या वासावरून सांगत, आणि ते चुकल्याचे मला आठवत नाही. सरंगा कालचा की आजचा, हे पिशवी उघडण्यापूर्वी त्यांस कळे. पाच गावांतील सुना त्यांच्या हाताखाली शिकून गेल्या. महाजनांच्या वहीत आमच्या घराण्याच्या पाच पिढ्यांची नावे आहेत, त्यांत आक्कांचे नाव नाही. असण्याचा रिवाजच नव्हता. असे एकही सारस्वत घराणे नसेल की ज्यात अशी एखादी आक्का नव्हती.

१९५५चे वर्ष मला अंधुक आठवते. त्या ऑगस्टात गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेली रेल्वे-वाहतूक बंद केली. गोवा मुक्तीसाठी झटणाऱ्या अनेक कार्यकर्त्यांचे बेळगाव हे आश्रयस्थान होते. त्यांपैकी कोणी ना कोणी आमच्या पंक्तीला असे. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून गोव्यासाठी गुप्त आकाशवाणी सुरू केली. म्हणजे मासळीच्याच वाटेवर. पुढे ते केंद्र कॅसलरॉकच्या अरण्यात हलले आणि मुक्तीपर्यंत चालू राहिले. मुरगावची मासळी थांबली ती तेव्हापासून. मग वेंगुर्ले, मालवण आणि कारवार यांवर भिस्त. गोव्यात ज्यांची घरे होती आणि जाता येत नव्हते, अशी माणसे आमच्याकडे जेवताना हुमणाचा पहिला घास घेऊन थोडा वेळ गप्प बसत. आक्का पडद्याआडून विचारीत, 'मीठ बरोबर आहे ना?' त्यावर ते नुसती मान हलवीत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि वाटा पुन्हा उघडल्या.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांच्या डोळ्यांसमोरचा आहे. यांत्रिक ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळचा मासा घटला. १९७७-७८ मध्ये गोव्यात पारंपरिक मच्छीमारांनी, म्हणजे रापणकारांनी, मोठे आंदोलन केले आणि १९८० मध्ये मासेमारी नियमनाचा कायदा झाला. आपल्या ताटातील सरंग्यामागे गाबीत, खारवी यांच्या होड्या आहेत, हे आपण महाजन मंडळी सोयिस्करपणे विसरत आलो, त्याची आठवण त्या आंदोलनाने करून दिली. जुलै २०१८ मध्ये परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून गोव्यात खळबळ उडाली आणि तेथील सरकारने बाहेरच्या मासळीवर काही काळ बंदी घातली. गोव्यालाच मासळी बाहेरून आणावी लागते, ही वार्ता आमच्या पिढीला त्या फॉर्मेलिनहून अधिक धक्कादायक वाटली. भाजी मात्र बेळगावची खाली जाते, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सीमा बंद झाली तेव्हा गोमंतकीयांना तिची किंमत कळली. रात्री भाजीच्या गाड्या चोर्ला उतरतात आणि सकाळी मासळीच्या गाड्या वर येतात. कदंबांच्या काळचा व्यवहार अजून संपलेला नाही.

घरोघरची रीत मात्र संपत चालली आहे. जत्रेहून परतताना म्हापशास किंवा फोंड्यास गाडी थांबवून बर्फाच्या डब्यात सरंगे भरणारी कुटुंबे आजही आहेत. अंगारा वरच्या खणात, मासळी मागच्या डिकीत, मधे आपण. घरी आल्यावर वाटण यंत्रात होते, चुलीऐवजी गॅस, आमसुले पाकिटातली. यात वाईट काही नाही. परंतु तिरफळ कोणत्या माशाला घालायचे आणि कोणत्याला नाही, हे विचारावयास आज फोन करावा लागतो, आणि फोन ज्यांना करावा, त्या बायका थोड्या उरल्या. तसेच, मासळी शिजवणार नाही असे आधी कबूल करून भाड्याने घर घ्यावे लागणारी आपली तरुण मंडळी या शहरात आजही आहेत. घरमालकासमोर ती शल्यपर्व सांगत बसत नाहीत; मुकाट्याने दुसरे घर शोधतात.

आक्कांविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. मी आठनऊ वर्षांचा असेन. श्रावण संपून गणपती विसर्जन झाले होते आणि बऱ्याच दिवसांनी घरी मासळी आली होती. त्या पाट्याशी बसल्या होत्या, मी शेजारी नारळाची करवंटी घेऊन खेळत होतो. मी सहज विचारले, 'आक्का, तुला कुठली मासळी आवडते?' असे त्यांना पूर्वी कोणी विचारले नसावे. वरवंटा थांबला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मुडदुशी. वेंगुर्ल्याला आमची आई पातळ कालवण करी. काटे काढून भरवी.' एवढे बोलून त्यांनी वाटण गोळा करून कुंडल्यात घातले आणि मला म्हणाल्या, 'ऊठ आता, हात धू आणि पाट मांड. मंडळी येतील जेवायला.'